हॉर्नबी डब्लोच्या जुन्या डब्यांना सुटे भाग कुठून आणायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांनी १९५०च्या दशकात मुंबईत घेतलेला आणि पुढे हळूहळू वाढवलेला हॉर्नबी डब्लोचा, म्हणजे ब्रिटिश खेळण्यातल्या रेल्वेचा, संच पुण्यातल्या घराच्या माळ्यावर सापडला. इंजिन चालतंय, पण मालडब्यांपैकी निम्म्यांची चाकं किंवा कपलिंगं (डबे एकमेकांना जोडणारे आकडे) गेली आहेत. एका वाघिणीवरचे (उघड्या मालडब्यावरचे) केबलचे ड्रम गायब आहेत आणि एका डब्याचा खालचा सांगाडा फुगून तडकला आहे. खेळण्यांच्या दुकानांत कोणाला याचं नावही माहीत नाही. मग भाग मिळणार कुठे?

मिळतात. या गाड्या बंद होऊन साठ वर्षं झाली, तरी डब्लोचे बहुतेक भाग आजही मिळतात. अडचण असते ती नेमका कुठला भाग हवा हे सांगण्याची. ‘हॉर्नबीचं चाक हवंय’ एवढंच लिहून विचारलंत, तर विक्रेता तुम्हाला आजच्या हॉर्नबीचं चाक पाठवेल. ते तुमच्या डब्यात बसणार नाही, किंवा बसलं तरी नीट धावणार नाही. म्हणून खर्चाला हात घालण्याआधी एक निवांत संध्याकाळ डबे ओळखण्यात घालवा. माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं.

आधी कंपनीचा इतिहास थोडा समजून घ्या, कारण भाग कुठे शोधायचे हे त्यावरच ठरतं. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मेकॅनो लिमिटेडचा कारखाना होता. तिथून १९३८ मध्ये हॉर्नबी डब्लो बाजारात आली. मोजमाप ओओ, म्हणजे खऱ्या गाडीच्या एका फुटाला चार मिलिमीटर. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. वीज १२ व्होल्ट डीसी, आणि रूळ तीन, मधला विजेचा. युद्धात उत्पादन थांबलं आणि युद्धानंतर पुन्हा सुरू झालं. १९५८ पासून प्लॅस्टिकच्या बॉडीचे ‘सुपर डिटेल’ डबे आले आणि १९५९ मध्ये दोन रुळांची पद्धत आली. १९६४ मध्ये ‘ट्रायँग’ या प्रतिस्पर्धी खेळण्यातल्या गाड्या काढणाऱ्या लाइन्स ब्रदर्सनी मेकॅनो विकत घेतली आणि डब्लो संपली. साचे मात्र वाया गेले नाहीत. त्यांतले बरेच जी. अँड आर. रेन या कंपनीकडे गेले. तिने त्याच साच्यांतून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ‘रेन’ नावाने गाड्या काढल्या. पुढे रेनचा वारसा डॅपोल या कंपनीकडे गेला.

याचा तुम्हाला फायदा असा, की प्लॅस्टिकच्या डब्लो डब्याचा भाग हवा असेल तर रेनच्या मोडक्या डब्याकडेही बघता येतं. पत्र्याच्या डब्याला ही सोय नाही. त्याला पत्र्याचाच भाऊबंद शोधावा लागतो.

आता तुमचे डबे उलटे करा. युद्धानंतरचा पत्र्याचा डबा म्हणजे छापील पत्र्याची बॉडी आणि तिच्याखाली डायकास्ट (साच्यात ओतलेल्या) धातूचा जड सांगाडा. बॉडीच्या कडेला पत्र्याच्या छोट्या जिभा असतात, त्या सांगाड्याच्या खाचांतून खाली काढून वळवलेल्या असतात. सुपर डिटेल डबा हातात हलका लागतो. त्याची अक्षरं बारीक आणि फळ्यांच्या रेषा उठावदार असतात. कपलिंग धातूचं आहे की प्लॅस्टिकचं तेही टिपून ठेवा. युद्धानंतरचं डब्लो कपलिंग पेको या ब्रिटिश कंपनीच्या ‘सिम्प्लेक्स’ कपलिंगच्या धर्तीचं आहे. युद्धापूर्वीचं पूर्ण वेगळं, सपाट स्प्रिंगच्या पट्टीचं. ही दोन एकमेकांत अडकत नाहीत. तुमच्या ढिगात असा एखादा पट्टीवाला डबा निघाला तर त्याला वेगळा ठेवा. त्याचं कपलिंग बदलू नका. तसा डबा दुर्मीळ असतो आणि मूळ रूपातच त्याला किंमत आहे.

ढिगात ट्रायँगचे डबेही मिसळलेले असण्याची शक्यता बरीच आहे. आपल्याकडच्या घरांत ‘हॉर्नबी’ म्हणून जपलेल्या पेट्यांमध्ये मला निम्म्या वेळा ट्रायँग सापडते. ट्रायँगच्या यादीत डब्यांचे क्रमांक ‘आर’ने सुरू होतात आणि सुट्या भागांचे बहुधा ‘एक्स’ने. डब्लोला त्या काळच्या यादीत नुसते आकडे असायचे. मिठाची सॅक्सा वाघीण ४६६५, ब्लू स्पॉट मासळीचा डबा ४३००, आणि तुमची केबल-ड्रमवाली वाघीण ४६४६. हे क्रमांक शोधून वहीत लिहा. विक्रेत्याला क्रमांक दिलात की पुढचं बोलणं दोन ओळींत संपतं.

यानंतर व्हर्निअर कॅलिपर हातात घ्या. नसेल तर विकत घ्या, डिजिटल कॅलिपर आता स्वस्त झालाय आणि या छंदात तो सोल्डरिंग गनपेक्षा जास्त वेळा लागतो. चाकजोडीची चार मापं घ्यायची: एक्सलची (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याची) टोकापासून टोकापर्यंत लांबी, एक्सलचा व्यास, रुळावर टेकणाऱ्या जागी चाकाचा व्यास, आणि दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर. एक्सलचं टोक सुईसारखं आहे की बोथट, तेही लिहा. आजच्या ओओ चाकजोड्यांचं एक्सल साधारण २६ मिलिमीटरचं, सुईटोकी असतं. मालडब्याचं चाक १२.६ आणि प्रवासी डब्याचं १४ मिलिमीटरच्या आसपास. आतलं अंतर १४.५. जुन्या गाड्यांत हे आतलं अंतर यापेक्षा कमी असतं आणि चाकाची कड जाड असते. म्हणून नवी चाकं जुन्या सांध्यांवर, म्हणजे गाडी रूळ बदलते त्या जागी, घसरतात आणि जुनी चाकं नव्या सांध्यांवर आपटत जातात. तुम्ही आजोबांच्याच तीन रुळांवर गाडी चालवणार असाल, तर चाकंही त्याच काळातली शोधा.

इथे एक इशारा. तीन रुळांच्या पत्र्याच्या डब्यांची चाकं बहुधा धातूची असतात आणि एक्सलमधून दोन्ही बाजू विजेने जोडलेल्या असतात. तीन रुळांवर त्याने काही बिघडत नाही, कारण बाहेरचे दोन्ही रूळ एकाच बाजूचे. तोच डबा आजच्या दोन रुळांवर ठेवलात तर सरळ शॉर्ट. दोन रुळांवर चालवायचं असेल, तर प्लॅस्टिकची किंवा एका बाजूने इन्सुलेट केलेली चाकजोडी लागेलच. पण काढलेली मूळ चाकं फेकू नका. डब्याचं नाव लिहून पाकिटात ठेवा.

चाकं नुसती गंजली असतील तर बदलण्याची घाई करू नका. गंज बहुतेक वेळा एक्सलवर असतो. एक्सल बारीक पॉलिश पेपरने घासून, टोकाला सुईने एक थेंब हलकं तेल दिलं की पुष्कळ चाकं पुन्हा फिरतात. मात्र चाकजोडी बाहेर काढताना डायकास्ट सांगाड्याची बाजू फाकवू नका. प्लॅस्टिक किंचित वाकतं, डायकास्ट थेट तुटतं.

तुमचा फुगलेला सांगाडा हे वेगळंच दुखणं आहे. या सांगाड्यांचा धातू म्हणजे मझॅक, जस्त आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. त्यासाठी जस्त अतिशय शुद्ध लागतं. ओतताना त्यात शिसं किंवा कथील थोडंसं जरी मिसळलं, तरी धातूच्या कणांच्या सीमांवर आतून गंज सुरू होतो. भाग फुगतो, वाकतो, बारीक भेगा पडतात आणि शेवटी कोपरे बिस्किटासारखे झडतात. युद्धापूर्वीच्या मालात हे जास्त दिसतं. दमट हवा आणि उष्णता यांनी वेग वाढतो, आणि आपल्याकडचे माळे दोन्ही बाबतींत वाईट. यावर औषध नाही. गोंद, इपॉक्सी, रंग काहीही लावलंत तरी आतली क्रिया थांबत नाही. पण हा रोग शेजारच्या डब्याला लागत नाही, ती भीती मनातून काढून टाका. फुगणारा सांगाडा वरच्या पत्र्याला ताणतो, हा खरा धोका आहे. म्हणून बॉडी लवकर सोडवून घ्या आणि तिच्यासाठी चांगला सांगाडा शोधा. भेगा पडलेला सांगाडाही मापासाठी जपा. नवा घेताना जिभांच्या खाचांमधलं अंतर त्याच्यावरूनच जुळवायचं आहे.

जिभा उघडताना हात हळू ठेवा. पत्र्याची जीभ एकदा उघडून एकदा वळवता येते, कधी दोनदा. त्यापुढे ती मुळातून तुटते. आधी सगळा विचार करून, नवा सांगाडा हातात आल्यावरच जुना सोडवावा. फक्त फुगणारा असेल तर थांबू नये. तुटलेली जीभ सोल्डरने जोडायचा मोह होईल. छापील पत्र्याजवळ उष्णता नेलीत तर रंग काळवंडतो आणि ती छपाई पुन्हा करता येत नाही. आतल्या बाजूने पातळ पितळी पट्टी इपॉक्सीने चिकटवून तिची जीभ बनवणं जास्त सुरक्षित. त्याच कारणाने बॉडी पुसताना थिनर, पेट्रोल, स्पिरिट यांतलं काही लावू नका. मऊ ब्रश आणि किंचित ओलसर सुती कापड पुरतं.

आता खरेदी. माझा ठाम सल्ला असा, की एकेक भाग विकत घेण्याऐवजी आधी मोडक्या डब्यांचा ढीग घ्या. ब्रिटनमधले विक्रेते अशा मालाला ‘जॉब लॉट’ म्हणतात, किंवा ‘स्पेअर्स ऑर रिपेअर’ असं लिहितात. रंग उडालेल्या, चेपलेल्या चार-पाच डब्यांत तुम्हाला सांगाडे, चाकजोड्या, कपलिंगं सगळं एकदम मिळतं, तेही त्याच काळातलं आणि त्याच झिजेचं. नवं कोरं कपलिंग जुन्या डब्यावर डोळ्यांना खटकतं, हे बसवून पाहिल्याशिवाय कळत नाही. शोधताना नावाच्या वेगवेगळ्या स्पेलिंगांनी शोधा. घरातलं सामान विकणाऱ्यांना ‘डब्लो’ माहीत नसतं, ते ‘डबल ओ’ लिहितात. असा माल जाणकारांच्या नजरेतून सुटलेला असतो. फोटो मात्र खालच्या बाजूचे मागून घ्या. खालचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याचा डबा घेऊ नये.

दुसरा मार्ग संग्राहकांच्या संघटनेचा. ब्रिटनमध्ये हॉर्नबी रेल्वे कलेक्टर्स असोसिएशन १९६९ पासून काम करतेय. परदेशातूनही सभासद होता येतं. तिथल्या मंडळींनी कुठल्या वर्षी कुठलं चाक, कुठलं कपलिंग, छपाईत काय बदल झाला याच्या बारीक नोंदी ठेवल्या आहेत. भाग मिळण्याइतकंच मोल त्या माहितीला आहे. तुमचा डबा नेमका कोणत्या वर्षीचा हे कळलं की चुकीचा भाग घरात येत नाही.

आपल्या आसपासही पाहा. मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार यांत अधूनमधून ट्रायँग किंवा हॉर्नबीचे डबे निघतात, पण ठरवून गेलं की मिळतातच असं नाही. ओळखीच्या दुकानदाराकडे डब्याचा फोटो देऊन ठेवा. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. तिथे सुटे भाग विकायला नसतात, पण चालती मॉडेल रेल्वे बघून चाकं, सांधे, कपलिंगं एकमेकांशी कशी वागतात याची समज येते. नव्या माणसाने एकदा जाऊन यावंच.

परदेशातून मागवताना सीमाशुल्काचं गणित आधी करा. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय गुणवत्ता आदेश लागू आहे. वैयक्तिक पार्सलचे नियम व्यापारी मालापेक्षा वेगळे असतात आणि दर बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याच्या आठवड्यातच ते तपासा. विक्रेत्याला पाकिटावर खरं वर्णन आणि खरी किंमत लिहायला सांगा: जुन्या मॉडेल रेल्वेचे वापरलेले सुटे भाग, वैयक्तिक संग्रहासाठी. खोटी किंमत लिहिलेलं पार्सल अडकलं तर ते सोडवायला तुमच्याकडे कागद उरत नाही. लंडन-मँचेस्टरला कोणी भाचा, पुतण्या असेल तर सगळा माल त्याच्या पत्त्यावर गोळा करा. तो दिवाळीला येताना आणेल. चाकजोड्या आणि कपलिंगं मूठभर जागेत मावतात.

काही गोष्टी तर बाहेरून मागवण्याची गरजच नाही. मेकॅनोच्या गाड्यांत स्क्रू बीए या जुन्या ब्रिटिश मापाचे असतात, मुख्यतः इंजिनात. ६ बीए म्हणजे २.८ मिलिमीटर व्यास, ८ बीए म्हणजे २.२. दिसायला ते आजच्या मेट्रिक एम३ आणि एम२च्या जवळचे, पण आटे वेगळे. जोर लावून एम३ घुसवलात तर डायकास्टमधले आटे कायमचे जातात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीला जुन्या दुकानांत बीए विचारून पाहा, जुना साठा कधी कधी निघतो. दोन मिलिमीटरचा पॉलिश केलेला स्टीलचा रॉड तिथेच मिळेल. चांगला लेथवाला त्यातून हव्या त्या लांबीचं, हव्या त्या टोकाचं एक्सल काढून देतो. त्याला तोंडी सांगू नका, कागदावर माप लिहून द्या आणि सोबत जुनं एक्सल द्या. धातूची कपलिंगं रिव्हेटने बसवलेली असतात. रिव्हेट हाताच्या छोट्या ड्रिलने, खालून, हळूहळू काढावा. मशीनच्या ड्रिलने सांगाडा तडकतो. परत बसवायला घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडचा बारीक पितळी रिव्हेट किंवा बारीक नट-बोल्ट चालतो. कपलिंग सैल हललं पाहिजे. घट्ट आवळलंत तर वळणावर डबा उतरतो.

थ्रीडी प्रिंटिंगबद्दल अनेक जण विचारतात, म्हणून स्पष्ट सांगतो. केबलचे ड्रम, शिड्या, खुंट्या, बफर यांना ते उत्तम आहे. तुमच्या ४६४६ वरचे ड्रम रेझिन प्रिंटमध्ये सुंदर येतील. त्यासाठी आधी मूळ ड्रमचं माप कोणा संग्राहकाकडून मागून घ्या, फोटोवरून अंदाज बांधू नका. कपलिंगला रेझिन नको, ते ठिसूळ असतं. नायलॉनमध्ये करून घ्या. पीएलए, म्हणजे थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लॅस्टिक, साठ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते वाकलेलं मिळेल, आणि पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावरही त्याचा भरवसा नाही. चाकं मात्र प्रिंट करू नका. चाक अगदी गोल आणि एक्सल अगदी मध्यात असावं लागतं, ते काम लेथचं. छोटा धातूचा भाग हवा असेल तर आपल्याकडे एक चांगली सोय आहे. दागिन्यांचं कास्टिंग करणारे कारागीर मेणाच्या नमुन्यावरून पितळेत अत्यंत बारीक भाग ओतून देतात. नमुना थ्रीडी प्रिंटवर काढा आणि ओतून घ्या. ओतल्यावर धातू किंचित आकसतो, तेवढा नमुना मोठा ठेवायला कारागिरालाच विचारा.

नवा बनवलेला प्रत्येक भाग आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला खुणेने नोंदवा. बाजारात नकली भाग मूळ म्हणून फिरू लागले की पुढच्या माणसाची फसवणूक होते, आणि हा छंद तर एकमेकांच्या शब्दावरच चालतो.

ट्रायँगच्या डब्यांत सुरुवातीच्या काळातली बॉडी वाकलेली दिसली, तर ते सेल्युलोज ॲसिटेट नावाचं जुनं प्लॅस्टिक आहे. काळानुसार ते आकसतं आणि पिळतं. गरम पाण्यात टाकून सरळ करण्याचे सल्ले मिळतील. मी ते करत नाही, कारण छपाई आणि कडा दोन्ही बिघडतात. अशी बॉडी जशी आहे तशी ठेवावी आणि चालवायला दुसरी घ्यावी.

घरात अमेरिकेहून आलेली लायोनेल कंपनीची गाडी असेल तर तुमचं काम सोपं आहे. ओओपेक्षा मोठ्या, ओ मापाच्या त्या गाड्यांचे नव्याने बनवलेले भाग तिकडे आजही विकले जातात, आणि कंपनीचे मूळ भाग-क्रमांकच लोक वापरतात. बोगी, म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट, जुन्या ‘स्टेपल-एंड’ घडणीची आहे की १९५१ नंतरच्या ‘बार-एंड’ घडणीची, एवढं बघितलंत तरी पुरे. न्यू जर्सीतला नातेवाईक उरलेलं करेल.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. आधी फुगलेल्या सांगाड्यावरची बॉडी सोडवा. मग सगळ्या डब्यांचे वरून, बाजूने आणि खालून फोटो काढा, चाकजोडीची मापं त्याच पानावर लिहा आणि किती कपलिंगं धातूची, किती प्लॅस्टिकची हवीत याची यादी करा. त्यानंतर मोडक्या पत्र्याच्या डब्यांचा एकच ढीग मागवा. माझ्या अनुभवात यादीतला बराचसा भाग त्या पहिल्या ढिगातच भागतो. उरलेलं, म्हणजे ड्रम आणि एखाद-दोन कपलिंगं, नंतर सावकाश शोधता येतील. ढीग घरी आला की त्यातल्या चाकजोड्या आधी काढून मोजा, मगच डबे उघडा.